आकृतीतला थेंब

सरांनी हयातभर रसायनशास्त्र शिकवलं, पण रसायन म्हणून जे काही असतं ते त्यांच्या हाताला कधी लागलं नव्हतं. यात त्यांचा दोष नव्हता. शाळेत 'प्रयोगशाळा' अशी पाटी असलेली एक खोली होती खरी, पण तिच्यात मोडकी बाकं, व्हॉलीबॉलचं फाटकं जाळं आणि मुख्याध्यापकांची सायकल राहत असे. त्यामुळे सर सगळे प्रयोग फळ्यावर करायचे. फळ्यावरच्या प्रयोगाचा एक मोठा फायदा असतो, तो कधी फसत नाही.

त्यातही त्यांची ऊर्ध्वपातनाची आकृती म्हणजे लाजवाब. पांढऱ्या खडूने काढलेला गोल चंबू, त्याच्या खाली नारिंगी ज्योत, तिरकी नळी, नळीभोवती थंड पाणी, वाफ कुठून कुठे जाते ते दाखवणारे बाण, प्रत्येक भागाचं नाव सांगणाऱ्या सरळ रेघा, थेंब झेलायला खाली काचेचं चंचुपात्र आणि सगळ्यात शेवटी नळीच्या टोकाशी लोंबणारा एक टपोरा निळा थेंब. तो थेंब काढताना सरांचा श्वास रोखलेला असायचा आणि वर्गही गप्प व्हायचा. मग घंटा व्हायची, पुढच्या तासाचे भूगोलाचे सर डस्टर घेऊन आत यायचे आणि थेंब पडायचा राहून जायचा. अशा किती पिढ्या तो थेंब न पडताच पास झाल्या.

निवृत्तीनंतर सरांना दुसरं कसलंही दुःख नव्हतं. पेन्शन वेळेवर येत होती, गुडघे कुरकुरत का होईना पण चालत होते. एवढाच सल होता की आपण ज्या थेंबावर जन्म काढला, तो आपण पाहिलाच नाही. आणि एके सकाळी वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं की जुने टायर हवा न लागू देता खूप तापवले की त्यांची वाफ होते आणि ती वाफ थंड केली की तेल मिळतं. याला पायरोलिसिस म्हणतात. सर खुर्चीतून उठलेच. त्यांनी ती बातमी आधी मनात, मग मोठ्याने आणि मग स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून वाचली.

"अगं, हे तर आपलं भंजक ऊर्ध्वपातन. माझ्या आकृतीत फक्त चंबूच्या जागी टायर घालायचा."

"आणि घराच्या जागी काय घालायचं, तेही लिहिलंय का बघा," वहिनी म्हणाल्या. सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणायची, म्हणून आपणही म्हणू.

सरांना तेल विकायचं नव्हतं, देशाचा इंधनप्रश्न सोडवायचा नव्हता. तो सुटला तर त्यांची हरकत नव्हती, एवढंच. त्यांना फक्त एकदा नळीच्या टोकाशी थेंब धरताना आणि तो पडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा होता. हे त्यांनी वहिनींना सांगितलं, वहिनींनी कणीक मळता मळता ऐकून घेतलं. पण सरांनी तेल धरायला म्हणून फळीवरची साखरेची काचेची बरणी उचलली, तेव्हा मात्र त्यांनी ती हातातून काढून घेतली आणि टायरचं तेल आपल्या बरणीत पडायचं नाही, असं एकदाच आणि शांतपणे सांगितलं. संसारात मुरलेल्या माणसाला अशा शांतपणाचा अर्थ कळतो. सर बाहेर पडले.

पहिलं काम टायर मिळवण्याचं. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे सरांनी एक जुना टायर मागितला. पंक्चरवाल्याने हातातलं काम खाली ठेवलं आणि खुर्ची पुसून दिली. त्याच्या साऱ्या आयुष्यात टायर टाकून देणारी माणसं पुष्कळ आली होती, मागायला आलेला हा पहिलाच. त्याने पत्ता विचारून घेतला. एवढ्या मोठ्या माणसाने टायर हातात घेऊन रस्त्याने जायचं बरं दिसत नाही, मी पोचवतो, म्हणाला. सरांना त्या आदराने भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत पंपाच्या खोलीपर्यंत टायरच टायर. पंक्चरवाल्याने धंद्यातल्या सगळ्या भाऊबंदांना कळवलं होतं. स्कूटरचे, मोटारींचे, ट्रकचे, आणि एक तर इतका अवाढव्य, की तो कुठल्या वाहनाचा असावा यावर गच्चीत उभं राहून पैजा लागल्या. सरांनी धावत जाऊन पुरे म्हणून सांगितलं, तर पंक्चरवाला म्हणाला, संकोच करू नका सर, अजून एक टेम्पो वाटेत आहे. भीक नको पण कुत्रं आवर, अशी सरांची गत झाली. पण खोटं कशाला बोला, तो ढीग पाहून आतून त्यांना उकळ्याही फुटत होत्या. एका थेंबाची आशा होती, इथे विहीरभर कच्चा माल येऊन पडला होता.

इमारतीचा सेक्रेटरी मात्र खाली आला तो नियमावली काखेत घेऊनच. हा माणूस वयाने सरांपेक्षा बराच लहान, पण सेक्रेटरी झाल्यापासून त्याच्या आवाजात सूचनाफलक शिरला होता. मोकळ्या जागेत कुंड्यासुद्धा ठेवायच्या नाहीत असा ठराव असताना हे काय, असं त्याने विचारलं. सरांनी त्याला पायरोलिसिस समजावून सांगितलं. ते ऐकून त्याने सरकारी परवानगी मागितली.

परवानगीची कथा थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगायला सरांकडेही धीर उरलेला नाही. कचरा विभाग म्हणाला, टायर हा कचरा आहे हे आम्हाला मान्य आहे, पण तुम्ही त्याचं इंधन करणार, तेव्हा इंधन विभागात जा. इंधन विभागातल्या बाईंनी विचारलं, तेल कुठे आहे? सर म्हणाले, अजून निघायचंय. मग निघाल्यावर नमुना घेऊन या, त्याशिवाय आम्ही त्याला तेल कसं म्हणणार? आणि परवानगीशिवाय तेल काढायचं कसं, या प्रश्नावर बाईंनी हसून सांगितलं की ते आमच्या खात्यात येत नाही. तिसऱ्या खिडकीवर एक भला गृहस्थ होता. त्याने सुचवलं की प्रयोग म्हणून करा, त्याला परवानगी लागत नाही, फक्त शाळेच्या प्रयोगशाळेचं पत्र आणा. सर शाळेत गेले. प्रयोगशाळेत अजूनही सायकलच होती, फक्त मुख्याध्यापक नवे होते.

सर पत्राशिवाय परत आले, पण पडलेल्या तोंडाने नाही. आयुष्यभर वाट पाहिलेल्या माणसाला खिडक्यांचं फारसं काही वाटत नाही. येताना ते एका वेल्डरला बरोबर घेऊनच आले आणि सेक्रेटरीला म्हणाले, प्रयोगाला परवानगी लागत नाही.

आता या वेल्डरबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो कामाला चोख होता आणि त्याचा एकच नियम होता, जसं चित्र तसं काम. पूर्वी कुणा गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून त्याने एका फाटकात स्वतःची अक्कल चालवली होती आणि ते फाटक उघडायचंच विसरलं होतं. तेव्हापासून तो तोंडी सूचना ऐकतच नसे. चित्र काढून द्या, म्हणायचा. सरांना तर हेच हवं होतं. त्यांनी घरून रंगीत खडूंची पेटी आणली आणि पंपाच्या खोलीच्या भिंतीवर ती सुप्रसिद्ध आकृती काढली. चंबूच्या जागी लोखंडी पिंप, तिरकी नळी, थंड पाण्याची टाकी, बाण, नावांच्या रेघा, चंचुपात्र, निळा थेंब. खाली आडवी रेघ मारून त्यांनी हात झटकले. भोवती जमलेले शेजारी नकळत ओळीत उभे राहिले.

वेल्डरने चार दिवस काम केलं आणि चौथ्या दिवशी वरची ताडपत्री काढली. सर पाहतच राहिले. हुबेहूब. इतकं हुबेहूब, की नळीवर जागोजाग पत्र्याचे सुबक बाण वेल्ड केलेले होते. पिंपातून, नळीतून आणि टाकीतून चारी बाजूंना लांब सरळ सळया बाहेर आल्या होत्या आणि त्या हवेतच संपत होत्या. सर कसंबसं म्हणाले, अरे, त्या नावं लिहायच्या रेघा होत्या. वेल्डर म्हणाला, होय ना, नावं तुम्ही लिहा, सळया मी लावल्यात. आणि यंत्र दोन पायांवर उभं होतं, कारण आकृतीत दोनच पाय होते. उभं होतं असं म्हणायचं ते वेल्डरचा खांदा त्याला टेकलेला होता म्हणून. तो बाजूला झाला आणि यंत्र सेक्रेटरीच्या दिशेने निघालं.

सेक्रेटरी वाचला. फक्त एका बाणाने त्याच्या सदऱ्याचा खिसा आपल्याबरोबर नेला.

"तिसरा पाय मागे असतो रे, तो पुढून दिसत नाही," सर म्हणाले.

"मग दाखवा ना आकृतीत. लगेच लावतो."

"मागचा पाय पुढून कसा दाखवू?"

"मग मी मागे कसा लावू?"

दोघेही तत्त्वाचे. खूप वेळ हा वाद चालला. भिंतीवरची आकृती सरांची तीस वर्षांची कमाई होती. तिच्यात एक पाय वाढवायचा म्हणजे ज्यांना आपण दोन पाय शिकवले त्यांना काय तोंड दाखवायचं? शेवटी पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरने तोडगा काढला. तिसऱ्या पायाच्या जागी मातीने लिंपून टायर रचून ठेवा, म्हणाला. मॅनेजरच्या सल्ल्यांपैकी हा एकच उपयोगी पडला. बाकीचे म्हणजे पिंपाला खिडकी ठेवा, वाफेला मोकळं वाटेल, टायर आधी भिजत घाला, आणि तेल निघालं की सगळं एकाच गाडीत भरू नका. तळमजल्यावरच्या मावशींनी तर सल्ला न देताच त्या सळयांवर टॉवेल वाळत घातले.

टायर कापणं हे पुढचं प्रकरण. टायर रबराचा असतो हा सर्वसामान्य गैरसमज आहे. आत तारा असतात, आणि त्यांना कुणी शिक्षक आहे की कोण याचं काही देणंघेणं नसतं. करवतीची पाती तुटली, वहिनींची भाजीची सुरी वाकली आणि सरांचा अंगठा पट्टीत गेला. वहिनींनी पट्टी बांधली, सुरीबद्दल चकार शब्द काढला नाही. तो शब्द काढला असता तर सरांना बरं वाटलं असतं. पण ते झोपेतसुद्धा हसत होते, असं वहिनीच नंतर मावशींना सांगत होत्या.

एव्हाना टायरांत पाणी साचून डासांची वसाहत झाली होती. इमारतभर टाळ्या वाजायला लागल्या. सेक्रेटरीने खिसा नसलेल्या सदऱ्यानिशी सभा घेतली आणि निकाल दिला. रविवारी दुपारी बारापर्यंत थेंब दाखवा, नाहीतर बाराच्या ठोक्याला भंगारवाला यंत्र उचलेल. शिवाय त्याने आरोग्य खात्याला डासांबद्दल कळवलंही होतं. सर उभे राहिले आणि म्हणाले, मला मान्य आहे. त्यांचा आवाज थोडा कापला. रागाने कापला असं लोकांना वाटलं, पण तो आनंदाने कापला होता. थेंबाला कुणीतरी पहिल्यांदाच वेळ ठरवून दिली होती.

रविवारी सकाळी सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला, टायरचे तुकडे पिंपात भरले, झाकण घट्ट आवळून फटी मातीने लिंपल्या आणि लाकडं पेटवली. सगळी इमारत खुर्च्या घेऊन खाली आली. बराच वेळ काही झालं नाही. मग वास आला. तो वास कसा होता ते सांगण्यासारखं नाही. एवढंच सांगतो की खुर्च्या थोड्या मागे सरकल्या, आणखी थोड्या वेळाने त्या दुसऱ्या बाजूला गेल्या आणि शेवटी माणसं नाकाला रुमाल लावून उभीच राहिली. पण घरी कुणी गेलं नाही. अर्ध्या इमारतीला यंत्र चालावं असं वाटत होतं, अर्ध्या इमारतीला ते फुटावं असं वाटत होतं, आणि दोघांनाही शेवट चुकवायचा नव्हता. सर मात्र निर्धास्त होते. नळीचं टोक मोकळं आहे तोवर काही फुटत नाही, हे ते दर पाच मिनिटांनी मॅनेजरला सांगत होते. मॅनेजर दर पाच मिनिटांनी एक पाऊल मागे जात होता.

साडेअकराला फाटकाशी भंगारवाल्याचा टेम्पो येऊन उभा राहिला. त्याच्याच मागून आरोग्य खात्याचे साहेब आले. हे गृहस्थ डासांचे साहेब म्हणूनच ओळखले जात. सेक्रेटरीने त्यांना आदराने आत आणलं, टायर दाखवले, धूर दाखवला, आपला फाटका खिसाही दाखवला. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि आग विझवायला सांगितली.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. बारा वाजायला अजून वेळ होता, पिंप आता कुठे तापलं होतं. त्यांनी नुसता भिंतीकडे हात केला.

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. मग जवळ गेले. बाणांवरून बोट फिरवत शेवटच्या थेंबापाशी थांबले.

"पाच मार्कांना यायची ही," ते म्हणाले. "आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत पोषण आहाराची पोती असायची. थेंब निळा काढायचा, असं आमचे सर म्हणायचे."

"निळाच असतो," सर म्हणाले.

"पाहिलाय तुम्ही?"

"नाही."

साहेबांनी घड्याळ काढलं, विझवायला निघालेल्या सेक्रेटरीच्या हातातली बादली घेतली आणि ती पालथी घालून तिच्यावर बसले.

"बारापर्यंत थांबतो," ते म्हणाले. "डास काही कुठे जात नाहीत."

मग वाट पाहणं सुरू झालं. सर लाकडं सारत होते, साहेब टाकीतलं पाणी गरम तर होत नाही ना ते बोट बुडवून पाहत होते. यंत्रावरच्या बाणांमुळे वाफ आता कुठे असेल हे मावशींनासुद्धा कळत होतं आणि त्या बाकीच्यांना समजावून सांगत होत्या. पहिला बाण झाला, आता वळणावर आली असेल. वेल्डर आपल्या बाणांकडे अभिमानाने पाहत होता. फाटकाशी भंगारवाल्याने हॉर्न वाजवला, तर सेक्रेटरीच त्याच्यावर खेकसला की बारा वाजलेत का. खेकसून झाल्यावर तो स्वतःच चपापला.

आणि नळीच्या टोकाशी काहीतरी चमकलं.

"आला," साहेब उठून उभे राहिले. सर गुडघ्यांवर बसले. गुडघ्यांनी त्या दिवशी कुरकुर केली नाही. नळीच्या ओठावर ओल धरली, ओलीचा फुगवटा झाला. आणि त्याच वेळी मॅनेजरने, आयुष्यात पहिल्यांदाच, अचूक प्रश्न विचारला.

"सर, तो पडणार कशात?"

आकृतीत नळीखाली चंचुपात्र होतं. सर्वांनी वळून वेल्डरकडे पाहिलं. वेल्डर म्हणाला, ते काचेचं दाखवलंय, मी लोखंडाचं काम करतो. सरांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. साहेबांनी ती मागे ओढली, भाजाल म्हणून ओरडले. सेक्रेटरी नियमावली उघडून नळीखाली धरायला निघाला होता, आणि इतक्यात गर्दीतून वाट काढत वहिनी आल्या. त्यांच्या हातात साखरेची बरणी होती. रिकामी केलेली, घासलेली, कोरडी पुसलेली. ती आताच्या धावपळीत घासून झाली असेल, हे शक्यच नव्हतं. त्यांनी ती नळीखाली धरली आणि म्हणाल्या, "हं, पडू दे आता."

थेंब लोंबला. वर्गात पसरायची तशीच शांतता पसरली. या वेळी घंटा झाली नाही आणि डस्टर घेऊन कुणी आलं नाही. थेंब सुटला आणि बरणीच्या तळाशी टप् असा आवाज झाला. इतका बारीक आवाज सगळ्या इमारतीने ऐकला. मग दुसरा पडला, मग तिसरा, मग धारच लागली. साहेब टाळ्या वाजवत होते, मावशी मॅनेजरला मिठी मारता मारता वेळेवर थांबल्या, आणि सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुराने म्हणायला वाव होता, पण ते स्वतःच म्हणाले की धुराने नाही.

पाव बरणी तेल निघालं. त्यानंतर साहेब पुन्हा साहेब झाले. वस्तीत असली भट्टी चालवता येणार नाही, ही पहिली आणि शेवटची, असं त्यांनी बजावलं. सरांनी इतक्या आनंदाने मान हलवली की साहेबांनाच कसंतरी वाटलं आणि उद्या खात्याचा ट्रक पाठवून सगळे टायर उचलून नेतो, असं त्यांनी आपणहून सांगितलं. बरणी नमुना म्हणून इंधन विभागात नेऊन दाखवा, असंही ते म्हणाले. वहिनी म्हणाल्या, बरणी कुठेही जायची नाही.

संध्याकाळी यंत्र थंड झाल्यावर सर्वांदेखत ते भंगारवाल्याच्या टेम्पोत चढलं. सेक्रेटरीने एक बाण तेवढा काढून ठेवायला सांगितला. तो पुढे इमारतीच्या कार्यालयाकडे जायचा रस्ता दाखवायला लावला गेला आणि अजून आहे. लोक वर गेले. वास मात्र खालीच थांबला होता.

वहिनी बरणी घेऊन सरांना शोधत मागे आल्या तेव्हा सर भिंतीसमोर उभे होते. आकृतीत पिंपाच्या मागून डोकावणारा तिसरा पाय त्यांनी काढला होता. आता ते ओल्या फडक्याने नळीच्या टोकाचा निळा थेंब पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी खडूंची पेटी उघडली, एकेक खडू उचलून पाहिला आणि परत ठेवला.

"काय हवंय?" वहिनींनी विचारलं.

"हा रंग यात नाही गं," सर म्हणाले. "तीस वर्षांत कधी लागलाच नव्हता."

वहिनी खाली वाकल्या. पिंपातून निघालेली टायरची काळी भुकटी तिथे सांडली होती. तिच्यात त्यांनी बरणीच्या तळाचं दोन थेंब तेल ओतलं, बोटाने कालवलं आणि ते बोट सरांपुढे धरलं. सरांनी आपल्या पट्टी बांधलेल्या अंगठ्याने त्यातलं थोडं उचललं, श्वास रोखला आणि नळीच्या टोकाशी एक टपोरा काळा थेंब काढला. मग जरा विचार करून त्याच्या खाली, चंचुपात्र पुसून, साखरेची बरणी काढली.